नाणेघाटात घोडे आणि खेचरे नेताना

१८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला होईपर्यंत देश आणि कोकण यांच्यातील बराचसा माल जनावरांच्या पाठीवरून ये-जा करत असे. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा सातवाहनकालीन नाणेघाट अशाच वाहतुकीचा होता. पुणेकरांनी घोडे-खेचरे घेऊन पहिला प्रवास करावा तो जुन्नरहून घाटघरमार्गे घाटमाथ्यापर्यंत, कारण ही चाल बहुतांशी पठारावरची आहे. माथ्यावरून वैशाखऱ्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या मात्र झिजलेल्या आणि तीव्र उताराच्या असून, पावसाळ्यात तेथे जनावर नेऊच नये.

प्रवास सुखाचा होणार की नाही, हे वाटेपेक्षा ओझ्यावर ठरते. ओझी वाहणाऱ्या जनावरांचा छळ रोखण्यासाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार खेचरावर २०० किलो आणि तट्टावर ७० किलोपर्यंत भार लादता येतो. परंतु ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, चढ-उताराच्या वाटेसाठीचा सल्ला नव्हे, आणि घाटात खेचरावर ६०-७० किलोंपेक्षा अधिक लादू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजूंच्या गोण्या ताणकाट्यावर तोलून समान कराव्यात, जड वस्तू खाली व पाठीलगत ठेवाव्यात आणि भांडी कापडात गुंडाळावीत, कारण खडखडाटाने शांत जनावरही बुजते. खोगिराखालच्या घोंगडीला एकही सुरकुती नसावी. लादताना जनावर पोट फुगवते, म्हणून थोडे चालवून तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळावा. उतारावर ओझे मानेकडे सरकू नये यासाठी दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) आणि चढावर ते मागे घसरू नये यासाठी छातीवरचा पट्टा, या दोहोंशिवाय निघूच नये.

नालबंदाकडून नाल आधीच तपासून घ्यावेत. आदल्या दिवशी नवे नाल ठोकून निघणे धोक्याचे, कारण चुकीचा खिळा लागला असल्यास लंगडणे वाटेतच सुरू होते. चढावर दर अर्ध्या तासाने थांबून श्वास स्थिरावू द्यावा, उतारावर स्वाराने पायउतार व्हावे. १९६५ च्या त्याच नियमांनुसार जनावराला सलग पाच तासांहून आणि दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक राबवता येत नाही, तसेच तापमान ३७ अंशांवर असेल तेथे दुपारी १२ ते ३ काम करून घेता येत नाही. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणवठ्यांची चौकशी गावात आधीच करावी. खुराक तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून, थोडा थोडा द्यावा. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून एकदम भरपूर दाणा खाल्ल्यास पोटशूळ जिवावर बेतू शकतो.

माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, तेव्हा जनावरे लेण्यापासून व दगडी रांजणापासून दूर बांधावीत.

मुक्कामी ओझे लगेच उतरवावे, मात्र तंग हळूहळू सैल करून खोगीर काही वेळ पाठीवरच राहू द्यावे. घाम सुकल्यावर खरारा करून पाठीवरून तळहात फिरवावा. कोठे सूज किंवा गरम भाग लागला, तर त्या जनावरावर दुसऱ्या दिवशी काहीही लादू नये व सामान माणसांनी वाटून घ्यावे.