माहितीपर निबंध कसा लिहायचा? पंचगंगेच्या पुराचं उदाहरण घेऊन बघूया

शाळेत "पूरग्रस्ताचे मनोगत" लिहून लिहून हाताला इतकी सवय झालेली असते की पुढं कधी "कोल्हापुरात पूर का येतो ते स्पष्ट करा" असा विषय आला तरी पोरं "आभाळ फाटलं होतं, पंचगंगामाई कोपली होती" इथनंच सुरुवात करतात. मनोगतात ते शोभतं. पण माहितीपर निबंध वाचणाऱ्याला तुमचं मन बघायचं नसतं, त्याला गोष्ट समजून घ्यायची असते, आणि हे काम खरंच मोलाचं आहे म्हणून ते नीट शिकून घ्या.

पहिलं काम, विषयाचा प्रश्न करा. नुसतं "महापूर" म्हटलं की काय लिहू आणि काय नको असं होतं. "शहरात पाऊस थांबला तरी पंचगंगेचं पाणी का वाढतं?" असं विचारलं की अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

मग रफ वहीत तीन रकाने पाडा: पक्कं माहीत आहे, नुसतं ऐकलंय, शोधायचंय. दुसरा रकाना सगळ्यात आधी भरेल बघा, कारण पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर काय काय फिरत असतं. उदाहरणार्थ "राधानगरीचे दरवाजे कुणीतरी उघडले" हे वाक्य. त्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठराविक पातळीला गेलं की आपोआप उघडतात. एवढं तपासलं की तुमचा निबंध चार लोकांच्या गप्पांपेक्षा वेगळा होतो. जुनी कात्रणं, पुस्तकं बघायची तर करवीर नगर वाचन मंदिरात जा, १८५० पासूनचं ग्रंथालय आहे आपल्याकडं, आणि मोबाईलवर दिसेल ते उतरवण्यापेक्षा तिथं बसलेलं बरं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा, म्हणजे "घाटातला पाऊस अनेक नद्यांतनं एकदम खाली येतो आणि पुढं कृष्णाही भरलेली असली की पाण्याला वाट मिळत नाही" असं काहीतरी. हे वाक्य समोर ठेवूनच पुढचं सगळं लिहायचं. त्यात न बसणारी माहिती कितीही भारी वाटली तरी काढून टाका, रंकाळा तलावाचा इतिहास इथं नको.

खरी मेहनत परिच्छेदात आहे. एका परिच्छेदात एकच कारण, आणि ते पहिल्या एकदोन वाक्यांतच सांगून टाकायचं. हे बघा:

"पंचगंगेला पाणी येतं ते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांमधून. या नद्या सह्याद्रीकडून येतात, त्यामुळे गगनबावडा, राधानगरी भागात जोराचा पाऊस झाला की सगळ्या एकदम फुगतात. प्रयाग चिखलीपर्यंत हे पाणी एकत्र येतं आणि तिथून कोल्हापूर शहर जवळच आहे. म्हणून शहरात ऊन पडलं तरी नदी वाढत राहू शकते."

यात एकही विशेषण दणदणीत नाही, पण "त्यामुळे" आणि "म्हणून" हे दोन शब्द सगळं वाक्य-वाक्य जोडून पुढं नेतात, आणि तेच कमी पडतं बहुतेक निबंधांत, नुसती माहितीची रास असते, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

आकडा दिला तर त्याचा अर्थपण द्या. "पाणी ४३ फुटांवर गेलं" हे आपल्याला लगेच कळतं, पण नागपूरच्या वाचकाला काय कळणार? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, एवढं लिहिलं की झालं. आणि जिथं मतभेद आहेत, जसं कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल (म्हणजे धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्याबद्दल), तिथं दोन्ही बाजू काय म्हणतात ते सरळ सांगा. तुम्हाला राग असेल, बरोबरच असेल, पण तो मांडायला वैचारिक निबंध आहे.

सुरुवात मात्र शेवटी लिहा. तोवर विषय डोक्यात बसलेला असतो, मग "२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. असं का होतं?" एवढ्या दोन वाक्यांत वाचक आत येतो. समारोपात कारणं एकत्र जोडून उत्तर द्या, नवीन मुद्दा घुसडू नका, आणि "आपण सर्वांनी शपथ घेऊया" वगैरे तर अजिबात नको.

लिहून झालं की घरातल्या कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा, शक्यतो ज्याला विषय माहीत नाही अशालाच. वाचताना तो मध्येच "थांब, म्हंजे काय?" म्हणेल, तिथं पेन्सिलनं खूण करा, वाद घालू नका, आणि तेवढंच वाक्य परत लिहा.