गालगुंड यायच्या आधी घरात काय काय करून ठेवायचं

सगळ्यात आधी कपाटातनं मुलांची लसीकरणाची फाईल काढा, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच, कारण बाकीची तयारी कशी आणि किती करायची ते त्या एका कार्डावर ठरतं. आमचं नाशिकला पंचवटीत भरलेलं घर, आम्ही दोघी जावा, चार पोरं, सासू-सासरे, आणि मागच्या फेब्रुवारीत धाकट्या जावेच्या पोराचा डावा गाल सुजला तेव्हा मी पहिल्यांदा चौघांची कार्डं नीट वाचली. दोन-दोन वेळा एमआर लिहिलेलं होतं आणि इतकी वर्षं मी धरून चालले होते की गालगुंडाची लस झालीये. ती झालेलीच नव्हती. सरकारी वेळापत्रकात ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग १६ ते २४ महिन्यांत मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला, ती तर घ्यायचीच, पण गालगुंडावरची लस एमएमआरमध्ये असते, मधला एक एम जास्त. ती बालरोगतज्ज्ञांकडे पैसे भरून घ्यावी लागते, ते साधारण ९ महिने, १५ महिने आणि मग ४ ते ६ वर्षं असे तीन डोस देतात. राहून गेली असेल तर मोठ्या मुलांनाही देता येते, दोन डोसांत किमान चार आठवडे अंतर ठेवून. म्हणून फाईल हातात आली की एमच मोजा, शिक्के मोजू नका.

घरातल्या मोठ्यांनाही एकदा विचारून घ्या की लहानपणी गालगुंड झालं होतं का, लस घेतली होती का. सासूबाईंना आठवत होतं, त्यांना झालेलं, माझ्या मिस्टरांना ना लस ना आजार. वयात आलेल्या मुलांना आणि पुरुषांना गालगुंड झालं तर अंडकोषाला सूज येऊ शकते आणि ती फार दुखते, दोघांपैकी एकाच बाजूला येते बहुतेक वेळा, त्याने मूल न होण्याची वेळ क्वचितच येते पण लाजून दोन-दोन दिवस कोणाला सांगायचंच नाही हे मात्र करू नका. मोठ्यांच्या लसीचं डॉक्टरांना विचारा. फक्त घरात कोणाला दिवस गेलेले असतील तर तिला ही लस चालत नाही, कारण ती जिवंत विषाणूची, कमकुवत केलेली लस आहे, आणि घेतल्यावरही महिनाभर तरी दिवस राहू द्यायचे नाहीत. २०२७ च्या सिंहस्थाला आपल्याकडे घरोघरी पाव्हणे उतरणार आहेत, तेव्हाची धावपळ बघता हे आधीच उरकून घेतलेलं बरं. आणि दोन डोस झाले म्हणजे शंभर टक्के असं नाही हे पण माहीत असू द्या, शंभरातल्या साधारण ८५-९० जणांना संरक्षण मिळतं, म्हणून पुढचं सगळंही करायचंच.

पसरतं कसं, तर लाळेतनं आणि खोकल्या-शिंकेच्या तुषारांतनं. एकाच बाटलीला तोंड लावणं, उष्टा चमचा, अर्धा खाल्लेला लाडू, गोल्फ क्लब ग्राउंडवर खेळून आल्यावर सगळ्यांनी मिळून संपवलेली पाण्याची बाटली, शाळेच्या रिक्षात मांडीला मांडी लावून बसलेली आठ पोरं. अवघड गोष्ट ही की गाल सुजायच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच ते पोरगं दुसऱ्याला देत असतं, आणि कितीतरी जणांना तर गाल सुजतच नाही, नुसती कणकण येऊन जाते, तेही पसरवतात. म्हणजे सुजलेला गाल बघून मग सावध होऊ म्हटलं तर उशीर झालेला असतो. म्हणून स्वतःची बाटली, स्वतःचा चमचा, उष्टं द्यायचं-घ्यायचं नाही ही सवय रोजचीच लावा, वर्गात कोणाला झालंय का नाही ते बघत बसू नका. बाटलीवर नाव घाला, मोठ्या अक्षरात.

वर्गात किंवा रिक्षात कोणाला झाल्याचं कळलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करा आणि तिथनं पुढे २५ दिवस मोजा. बहुतेकदा १६ ते १८ दिवसांनी दिसतं पण १२ पासून २५ पर्यंत कधीही येऊ शकतं. आठवडा गेला, काही झालं नाही, सुटलो, असं आम्ही म्हटलं होतं आणि सतराव्या दिवशी माझ्या मोठीने सकाळी चपातीचा घास चावता येत नाही म्हणून ताट सरकवलं.

घरात आणून ठेवायचं ते फार नाही. चालू थर्मामीटर, सेल बघून. पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडनं लिहून घेऊन त्याच बाटलीला चिकटवलेलं, ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. एक वेगळं ताट-वाटी-पेला-चमचा, वेगळा टॉवेल, आणि जमलं तर निजायला वेगळी खोली, आमच्याकडे नव्हती तर आम्ही माडीवर गादी टाकली. खायला मूग डाळीची मऊ खिचडी, पेज, खीर, असं न चावता जाणारं, आणि पाणी भरपूर. आंबट काही नको. आपल्याकडे हा आजार नेमका थंडी सरता-सरता जास्त दिसतो आणि तेव्हाच घराघरात द्राक्षाच्या पेट्या असतात, पोरं हात घालणारच, पण आंबट जिभेवर पडलं की लाळग्रंथी जोरात काम करायला लागतात आणि त्या सुजलेल्या ग्रंथीत अशी कळ जाते की पोर ओरडतं. लिंबू, चिंच, संत्रं पण तसंच. पेटी शेजारी देऊन टाका.

जावेच्या पोराच्या सुजलेल्या गालावर लावायला सासूबाईंनी गेरू उगाळला. मी म्हटलं, आई, लावा, तुमच्या हाताने त्याला बरं वाटतंय तर लावा, फक्त गरम करून नको, कातडी भाजते, आणि लेप लावलाय म्हणून बाकीच्या पोरांना जवळ झोपवायचं नाही. त्यांना पटलं. लेपाने, अँटिबायोटिकने विषाणू जात नाही, तो आठ-दहा दिवसांत आपला आपण उतरतो. तरी डॉक्टरांना एकदा दाखवायचंच, दाढेमुळे किंवा वेगळ्या जंतूंमुळे पण गाल सुजतो. जाण्याआधी दवाखान्यात फोन करून सांगा म्हणजे तान्ही बाळं बसलेल्या वेटिंगमध्ये तुम्हाला बसवणार नाहीत.

रात्री-अपरात्री वाट न बघता न्यायचं कधी तेही फ्रीजवर लिहून लावा: डोकं सहन न होण्याइतकं दुखणं, मान आखडणं, सारख्या उलट्या, झटका, गुंगी, पोटात जोरात दुखणं, अंडकोषाला सूज, एका कानाने कमी ऐकू येणं. खाली रिक्षावाल्याचा नंबर.

शाळा, क्लास, रिक्षा, लग्नकार्य, सगळं सूज दिसल्यापासून पुढचे पाच दिवस बंद. परीक्षा असली तरी. आमच्या जावेने चाचणी बुडवली पण पोराला पाठवलं नाही, आणि रिक्षाच्या काकांना आणि बाकी सातही घरी स्वतः फोन करून सांगितलं की याला झालंय, तुमची कार्डं बघा. तिला फोन करताना फार अवघडल्यासारखं झालं होतं. सातातल्या तीन घरी एमएमआर नव्हतीच, ती त्यांनी त्याच आठवड्यात घेतली. आधीच लागण झालेली असली तर ती या लसीने अडत नाही, पण पुढच्या वेळेसाठी तरी ती पोरं वाचली.