हरणाऱ्या फुटबॉल टीमला जाब कसा विचारावा

‘पोरांच्यात जोश भरा’ असं कुणी सांगितलं की मी हल्ली विचारतो, कुठनं भरू? पंपानं? कोल्हापुरात पेठेच्या टीमला जोशाची वाण कधीच नव्हती. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पायऱ्यांवरून एवढा ओरडा येतो की गोलकीपरला स्वतःच्या बॅकची, म्हणजे बचावाला उभ्या पोराची, हाक ऐकू येत नाही. तरी एका सीझनला आम्ही ओळीनं पाच मॅच हरलो. पोरं पळत होती, घाम गाळत होती आणि हरत होती. त्यानंतर अशा तीन टीम मी गाळातून बाहेर काढल्या. एक नाही निघाली. ग्राउंड, बॉल, सरावाची वेळ हे तुमचं तुम्ही बघा. पुढचं सांगतो.

१. आधी खाल्लेले गोल लिहून काढा

मागच्या चार-पाच मॅचमधला प्रत्येक गोल वहीत एका ओळीत: कितव्या मिनिटाला झाला, बॉल कुठून आला, त्याआधी आपण तो कुठं घालवला. आमच्या ११ गोलांपैकी ६ शेवटच्या वीस मिनिटांतले निघाले. म्हणजे पोरांची ‘मानसिकता’ वगैरे काही बिघडली नव्हती, दम संपत होता. सरावात पळणं वाढवलं, निम्मं दुखणं गेलं. मानसिकता हा शब्द तोंडातून काढायच्या आधी एवढं बघून घ्या.

२. नियम तीनच

वेळेवर येणं, येणार नसाल तर आदल्या रात्री कळवणं, रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलणं. पैशाचा दंड लावू नका. पन्नास रुपये टाकले की उशिरा यायची पावती फाडली, असं पोरं धरून चालतात. उशिरा आलेला पुढची मॅच बाहेर बसून सुरू करणार, बास.

३. प्रत्येकाला एकच काम, मोजता येईल असं

‘जबाबदारीनं खेळ’ हे काम नव्हे. ‘जीव तोडून खेळ’ हेही नव्हे. उद्या तो म्हणेल तोडला की जीव, आणि तुमच्याकडं उत्तर नसेल. काम म्हणजे असं: आपला कॉर्नर असेल तेव्हा राइट बॅकनं सेंटर लाइन सोडायची नाही. बॉल गेला की स्ट्रायकरनं समोरच्या सेंटर बॅकला वळून पास देऊ द्यायचा नाही. गोलकीपरच्या किकनंतर खाली पडणाऱ्या बॉलवर आपला मिडफिल्डर आधी पोचला पाहिजे. बाहेर बसलेल्या पोराच्या हातात वही द्या आणि काम झालं की दर वेळी एक रेघ ओढायला सांगा. मॅच संपली की आकडा हातात असतो.

मॅचच्या आधी हे काम पोराच्या तोंडून, त्याच्या शब्दांत वदवून घ्या. तुम्ही सांगितलं आणि त्यानं मान हलवली, याला काही अर्थ नाही. मान सगळेच हलवतात.

काम पोराच्या अंगाला बसलं पाहिजे, हे दुसरं. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये आपली टीम पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून ०-२ हरली होती. पुढं जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके पडले. तो बॅक, आणि टाक्यांनिशी बॅकला खेळवणं अवघड. कोच रहीमसाहेबांनी त्याला सरळ फॉरवर्डला उभं केलं. फायनलला समोर पुन्हा कोरियाच, आपण २-१ जिंकलो, आणि त्या दोनातला एक गोल जर्नैलचा. तेव्हा ‘याच्याकडून होत नाही’ म्हणायच्या आधी, तुम्ही त्याला नेमकं काय दिलंय ते बघा. आमच्याकडं अडचण उलटी असते. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक बापाला आपलं पोर फॉरवर्डलाच हवंय. राइट बॅक मागायला कोण येत नाही.

४. जाब विचारणं

इथं मी तोंडावर आपटलोय, म्हणून सावकाश सांगतो.

त्या पाचव्या हरलेल्या मॅचनंतर मी मैदानातच, सगळ्या पेठेसमोर, लेफ्ट बॅकला झापला. ‘तुझ्यामुळं घालवली मॅच.’ एकोणीस वर्षांचं पोर. काही बोललं नाही. खाली बसून नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि नुसत्या मोज्यांवर गेटाबाहेर गेलं. मंगळवारी सरावाला आलं नाही, गुरुवारी नाही. पुढच्या सीझनला दुसऱ्या पेठेकडून आमच्याविरुद्ध उतरलं आणि झकास खेळलं. नंतर वही उघडून बघितली, तर तो गोल त्याच्या बाजूनं आलाच नव्हता.

म्हणून पहिली ताकीद: हरलेल्या दिवशी एक शब्द बोलू नका. पाणी, कुणाला लागलंय का, घरी कोण कसं जाणार, एवढंच. तुमचं डोकं तापलेलं असतं, पोराचं त्याहून जास्त, आणि डगआउटच्या, म्हणजे टीमच्या बाकांच्या, मागं कुणाचा तरी मामा कान देऊन उभा असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चुकूनही लिहू नका. तिथं टाकलेला जाब तासाभरात रंकाळ्यावर पोचतो.

पुढच्या सरावाला, सराव सुरू व्हायच्या आधी, एकेकाला गाठा. सगळ्यांना गोल बसवून ‘बोला, काय चुकलं’ ही सभा मला मुळीच मान्य नाही. तिथं ज्याचं तोंड मोठं तो सुटतो आणि गरीब पोराच्या माथी खापर फुटतं. समोरासमोर बसवूही नका, हेडमास्तरांच्या खोलीसारखं वाटतं. मी ग्राउंडला चक्कर मारत बोलतो. दोघांची नजर समोर असली की पोराची जीभ सुटते. एका चकरेत संपवायचं.

प्रश्न तीनच. तुझं काम काय होतं? किती वेळा झालं? मधे काय आलं? दुसऱ्या प्रश्नाचा आकडा तुमच्या वहीत असतोच, पण आधी त्याला सांगू द्या. बहुतेक पोरं स्वतःला वहीपेक्षा कमीच मार्क देतात. तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प राहा. हे मला सगळ्यात जड गेलं. पोर चार पावलं काही बोलत नाही, आणि आपल्या घशाशी उपदेश आलेला असतो. गिळा.

एकदा असाच गप्प राहिलो तर एक मिडफिल्डर म्हणाला, ‘दादा, तुम्ही मला त्यांच्या सात नंबरवर लावलं. पण मी पुढं गेलो की मागं कोण बघणार, ते कुणाला सांगितलंच न्हाई की.’ खरं होतं. नव्हतं सांगितलं. त्या दिवशी जाब मलाच द्यायचा होता, आणि तो मी सगळ्या पोरांसमोर दिला. तुमची चूक चारचौघांत कबूल करा, त्याची एकांतात विचारा. याच्या उलट करणारे कोच मी ढिगानं बघितलेत.

‘तू नेहमीच असं करतोस’ हे वाक्य वर्ज्य. बापाचं नाव काढणं, भावाशी तुलना करणं वर्ज्य. सांगायचं एवढंच: पुढच्या मॅचला हेच काम, परत मोजणार. दोन मॅच वाट बघा. तिसऱ्यालाही आकडा हलला नाही तर बाहेर बसवा, आणि का बसवतोय ते यादी लागायच्या आधी त्याला सांगा. भिंतीवरची यादी बघून कळलं तर तो तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाही.

आता खरी परीक्षा. नियम मोडणारा तुमचा सगळ्यात भारी प्लेअर असतो. नसला तर समजा नशीब. आमचा स्ट्रायकर सेमीफायनलच्या आधीच्या सरावाला पंचवीस मिनिटं उशिरा आला, गाडीवरून, च्युइंगम चघळत. मी त्याला पहिल्या हाफला बाहेर ठेवतोय हे कळल्यावर संध्याकाळभर माझा फोन वाजत होता. मंडळातल्या ज्येष्ठांचा, त्याच्या काकांचा, परत ज्येष्ठांचा. मी ठेवला बाहेर. आम्ही ०-१ हरलो, गोल पहिल्या हाफमध्येच झाला. पेठेत महिनाभर शिव्या खाल्ल्या. तो सुधारला असंही नाही, दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हता. पण बाकीची सतरा पोरं त्यानंतर सरावाला दहा मिनिटं आधी येऊ लागली. ही किंमत मोजायची तयारी नसेल तर नियम करूच नका. नियम करून हिरोला सोडणं हे नियम नसण्यापेक्षा वाईट.

५. बक्षीस त्यांच्या हातातल्या गोष्टीला लावा

‘जिंकलात तर पार्टी’ यात दम नाही. हरणाऱ्या टीमला जिंकणं आपल्या हातात वाटतच नाही. इंग्लंडच्या लेस्टर क्लबचे कोच रानिएरींनी २०१५ साली पोरांना सांगितलं होतं, एक मॅच गोल न खाता काढा, पिझ्झा माझ्याकडून. लीगच्या पहिल्या नऊ मॅचमध्ये प्रत्येक वेळी गोल खाल्ला होता. दहाव्या मॅचला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-० झालं, पिझ्झा मिळाला, तोही पोरांना स्वतः बनवायला लावून. त्या सीझनला ते चॅम्पियन झाले, पिझ्झ्यामुळं नव्हे अर्थात. आमच्याकडं मिसळ. कट वाढून घ्यायची मुभा फक्त गोलकीपर आणि बॅकना.

६. हाफ टाइम

पंधरा मिनिटं मिळतात. पहिली पाच गप्प बसा, मग दोन गोष्टी सांगा. तिसरी कुणाच्या डोक्यात राहत नाही. ज्येष्ठांना प्रेमानं दाराबाहेर ठेवा.

पाच-सहा आठवडे हे चालू द्या, त्याआधी निकाल मागू नका. आणि वही सांभाळा. एकदा ती मी डगआउटमध्ये विसरलो. दुसऱ्या दिवशी समोरच्या टीमच्या मॅनेजरनं घरी आणून दिली, चहा घेतला, जाताना म्हणाला, ‘अक्षर छान आहे हो तुमचं.’ पंधरा दिवसांनी परत त्यांच्याशीच मॅच होती. अकराच्या अकरा पोरांची कामं बदलावी लागली.