स्वस्तातला ब्लूटूथ हेडसेट घेताय? आधी माइक तपासा
हजार-दीड हजारातला नेकबँड घेताना सगळे गाणी लावून बघतात, पण कॉलसाठी घेत असाल तर त्याचा काही उपयोग नाही, कारण कॉल लागला की ब्लूटूथ वेगळ्या मोडवर जातं आणि आवाज मोनो (दोन्ही कानांत एकसारखाच) होतो. खरी परीक्षा माइकची. फुल स्पीड पंख्याखाली किंवा रस्त्याकडेला उभं राहून घरच्या कुणाला तरी फोन लावा, स्पीकरवर टाकून दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा आणि मग स्वतः ऐका. नुसतं "येतोय ना आवाज?" विचारलं तर सगळे हो म्हणतात! आणि बॉक्सवरचं एएनसी (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय) तुमच्या कानासाठी असतं, समोरच्याला गोंगाट कमी जायला हवा तर ईएनसी (माइकमध्ये शिरणारा गोंगाट गाळणारी सोय) बघा. रिटर्नची मुदत संपायच्या आत हे उरका.