क्रीमच्या बाटलीमागची बारीक अक्षरं कशी वाचायची: तेलं आणि सुगंध

मागच्या वर्षी मी एक लव्हेंडरवालं फेस क्रीम घेतलं, पुढे मोठ्या अक्षरात नैसर्गिक वगैरे लिहिलेलं, आणि दोन आठवडे छान गेल्यावर एका सकाळी उठले तर दोन्ही पापण्या सुजलेल्या आणि खाज तर अशी की विचारू नका. क्रीमवर संशयच गेला नाही कारण इतके दिवस काहीच झालं नव्हतं ना, मी आपली धुळीला दोष देत बसले. स्किनच्या डॉक्टरांनी बाटली आणायला सांगितली, उलटी केली आणि लिनालूल या शब्दावर बोट ठेवलं, लव्हेंडरच्या वासातला हा एक पदार्थ. सुगंधाची ॲलर्जी अशीच असते, शरीर आधी तो पदार्थ ओळखायला शिकतं आणि मग एक दिवस भडकतं. तेव्हापासून मी काहीही घेताना आधी मागची बाजू वाचते, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये.

पहिलं म्हणजे मागे घटकांची यादी असते तिचा क्रम बघा. जे सगळ्यात जास्त ते आधी, मग त्याहून कमी, असं खाली खाली जातं, फक्त 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेल्या गोष्टी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. आता ही 1 टक्क्याची रेघ ओळखायची कशी, तर फिनॉक्सिइथेनॉल हे नाव शोधा, खूप क्रीम्समध्ये असतं, प्रिझर्व्हेटिव्ह आहे आणि ते जास्तीत जास्त 1 टक्काच घालता येतं, म्हणजे त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते सगळं 1 टक्का किंवा त्याहून कमी. पुढे भलंमोठं बदामाचं चित्र आणि बदाम फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे उभा असेल तर काय ते समजून घ्या!

माझ्या घरी डोक्याला लावायची बदाम तेलाची बाटली होती, त्यावर पहिलं नाव पॅराफिनम लिक्विडम, म्हणजे लिक्विड पॅराफिन, आणि बदाम तर परफ्यूमच्याही नंतर. लिक्विड पॅराफिन वाईट नसतं हां, उलट त्याची ॲलर्जी क्वचितच कुणाला येते, पण पैसे आपण बदामाचे देतोय हे माहीत असायला हवं.

तेलांची नावं लॅटिनमध्ये असतात म्हणून आपण घाबरतो, पण सगळी आपल्या ओळखीचीच. कोकॉस न्युसिफेरा म्हणजे खोबरेल, सेसॅमम इंडिकम म्हणजे तीळ, रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंडेल, कार्थेमस टिंक्टोरियस म्हणजे आपली करडई, हेलिअँथस ॲन्युअस म्हणजे सूर्यफूल, आणि गार्सिनिया इंडिका म्हणजे कोकम, ज्याच्या बियांचं मुठेल कोकणात थंडीत भेगा पडलेल्या टाचांना चोळतात, तेच आता कोकम बटर म्हणून छोट्या डबीत महाग मिळतं.

कुणाला कुठलं चालेल? करडई आणि सूर्यफुलात सहसा लिनोलेइक ॲसिड (तेलातलाच एक घटक) भरपूर असतं, हलकी असतात, तेलकट किंवा पिंपल्सवाल्या चेहऱ्याला त्यातल्या त्यात बरी. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड, हातापायाला, केसांच्या टोकांना मस्त, पण चेहऱ्यावर पिंपल्स येत असतील तर तिथे नको. ऑलिव्हमध्ये ओलेइक ॲसिड जास्त आणि ते त्वचेचा वरचा थर थोडा सैल करतं, त्यामुळे कोरड्या, चिडक्या त्वचेला आणि बाळाच्या मालिशला मी तरी ते वापरणार नाही. आणि कोंडा तेलकट, चिकट असेल तर डोक्यावर तेल थापून तो जात नाही, उलट ज्या यीस्टमुळे, म्हणजे त्वचेवरच्या बुरशीमुळे, तो होतो तिला खाऊ मिळतो.

आता सुगंध, कारण खरी गडबड इथेच असते. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा एक शब्द दिसतो पण त्यामागे कितीतरी पदार्थ असू शकतात. युरोपात त्यातले ॲलर्जी देणारे 26 पदार्थ ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर वेगळे लिहावे लागायचे, 2023 च्या नियमाने ती यादी 80 च्या वर गेली, म्हणून तिथल्या बाटल्यांवर शेवटी लिनालूल, लिमोनिन, जेरॅनिऑल, सिट्रल, युजेनॉल अशी रांग दिसते. ही नावं बघून लगेच केमिकल म्हणू नका, कारण लिमोनिन संत्र्याच्या सालीत असतं, युजेनॉल लवंगेत, सिट्रल गवती चहात, जेरॅनिऑल गुलाबात आणि रोशा गवतात. म्हणजे नुसत्या इसेन्शियल ऑइलने, झाडातून काढलेल्या सुगंधी तेलाने, वास दिला तरी पदार्थ तेच, त्वचेला ते झाडातून आले की फॅक्टरीतून याने फरक पडत नाही. आणि अनसेन्टेड म्हणजे बिनवासाचं असेलच असं नाही, कधीकधी मूळ वास झाकायला सुगंधच घातलेला असतो, तुम्हाला फ्रॅग्रन्स फ्री हा शब्द हवाय.

लिनालूल आणि लिमोनिन हवेत उघडे राहिले की ऑक्सिडाइझ होतात, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे बदलतात, आणि मग जास्त त्रास देतात, त्यामुळे झाकण घट्ट लावा, बाथरूमच्या खिडकीत बाटली ठेवू नका आणि उघड्या डबीच्या चित्रावर 12 एम असेल तर उघडल्यापासून 12 महिन्यांनी टाकून द्या, कितीही महाग असलं तरी.

घरी इसेन्शियल ऑइल मिसळत असाल तर 30 मिली तेलात 1 टक्का म्हणजे साधारण 6 थेंब, चेहऱ्याला त्याहून कमी. टी ट्री ऑइल तेलात न मिसळता पिंपलवर टेकवायचं नाही आणि लिंबाचा रस लावून उन्हात तर अजिबात जायचं नाही, लिंबातल्या काही घटकांमुळे उन्हात भाजल्यासारखे काळे डाग पडतात.

नवीन काही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावून बघा. एक रात्र बघून ओके म्हणू नका, मलाही त्रास लगेच झाला नव्हता. फेसवॉश असेल तर जेवढा वेळ चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच ठेवून धुवा. खाज, पुरळ आलं तर बंद करा आणि मागच्या यादीचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्यांदा दुसऱ्या कुठल्या बाटलीने झालं तर दोन्ही फोटोंत कॉमन काय ते शोधा, आणि तरी कळलं नाही तर डॉक्टरांकडे पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट होते, पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, तोपर्यंत पाठ भिजवायची नाही.