गावात ज्येष्ठांचं केंद्र सुरू करताय? आधी हॉल शोधू नका, वही घ्या

गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काहीतरी करूया असं ठरलं की सगळे लगेच हॉल, बॅनर, समई, उद्घाटनाला कोण पाहुणा या मागे लागतात. आमच्याकडे गोव्यात डिचोली तालुक्यात आम्ही पण तेच केलं, पहिल्या दिवशी सभागृह भरलं, शाली दिल्या, नारळ दिले, फोटो झाले आणि तिसऱ्या आठवड्यात मोजून सात जण आले, त्यातले दोघे शेजारीच राहणारे. तेव्हा वाईट वाटलं खूप. मग एका काकींना घरी जाऊन विचारलं की येत का नाही, तर त्या म्हणाल्या, "येऊन करू काय गो मी? बसायला माझा सोपा आहे की घरी." त्या एका वाक्यावर आम्ही सगळं परत पहिल्यापासून मांडलं, आणि आता जे नीट चालतंय ते कसं ते लिहिते, कुणाला आपल्या गावात करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं काम वही घेऊन वाड्यावाड्यावर फिरायचं. दोघांनी जायचं, त्यातली एक तरी बाई हवी, आणि घाई करायची नाही, एका दुपारी चार घरं झाली तरी पुष्कळ. नाव, वय, घरी दिवसा कोण असतं, चालता येतं का, काठी लागते का, ऐकायला येतं का, गोळ्या कुठल्या चालू आहेत हे लिहाच, पण शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे "तुम्हाला काय चांगलं येतं?" पहिल्यांदा सगळेच म्हणतात आम्हाला काय येतंय आता. थोडं बसा, चहा घ्या, मग निघतं. कुणी घुमट वाजवायचे, कोणी जत्रेच्या नाटकात वीस वर्षं स्त्रीपार्ट केलेला, कुणाला गावातली सगळी झाडपाल्याची औषधं माहीत, एक काका खाणीवर हिशेब लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. हे सगळं त्या वहीत हवं कारण केंद्र त्याच्यावर चालतं. माणसाला तिथे काम असलं की तो येतो, पाहुण्यासारखं बसवून ठेवलं तर दोनदा येईल, तिसऱ्यांदा नाही.

मग प्रश्न आणायचा कसा. गाव म्हटलं की घर ते रस्ता हेच मोठं अंतर असतं, चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर पावसात शेवाळ, पुढे उतार. हॉलमध्ये पंखे किती हे नंतर बघा, आधी प्रत्येक घराच्या पायऱ्या बघा. आम्ही जोड्या लावल्या, जरा धडधाकट असलेला एक आणि हळू चालणारा एक, दोघं शेजारचेच, एकमेकांना घेऊन यायचं. लांबच्या वाड्यासाठी एक रिक्षावाला ठरवला, जाऊन-येऊन ठरलेले पैसे, आणि तो रोजचा ओळखीचाच माणूस असावा, नाहीतर आज्जी बसत नाहीत. पोरांना स्कूटरवरून आणायला सांगू नका. आमची एक मावशी मागच्या सीटवरून उतरताना पडली, मनगट मोडलं, तेव्हापासून आम्ही ते पूर्ण बंद केलं.

जागा तळमजल्याचीच घ्या. देवळाचं सभागृह, पंचायतीची खोली, बंद पडलेली शाळा काहीही चालेल पण संडास जवळ हवा, कमोड हवा आणि बाजूला धरायला दांडा हवा. हे नसेल तर बायका पाणी न पिता येतात, दोन तास अवघडून बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत, आणि कारण कुणाला सांगत पण नाहीत. खुर्च्या हातवाल्या घ्या, उठताना टेकायला लागतं. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या गुळगुळीत लादीवर सरकतात, त्या नकोच. वेळ चार ते सहा बरी, दुपारची झोप झालेली असते आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचता येतं. आठवड्यातून दोनच दिवस ठेवा सुरुवातीला, पण ते दोन दिवस काही झालं तरी चुकवू नका. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे पंधरा दिवस आणि गावच्या जत्रेचा आठवडा तेवढा सोडा, तेव्हा कोणी येणार नाही आणि यायची गरज पण नाही.

आता करायचं काय. भजन हवंच, पण फक्त भजन ठेवलं तर अर्धे लोक कंटाळतात, विशेषतः ज्यांना गाता येत नाही ते. आमच्याकडे सगळ्यात चाललं ते पेपरवाचन. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय त्यांना पण सगळं कळतं, आणि आधी निधनवार्ता वाचायच्या हे त्यांनीच ठरवलं, आम्हाला ते कसंसंच वाटलं होतं पण त्यांना हवं असतं, कोण गेलं, कुठल्या गावचं, आपलं कोण लागतं. त्यानंतर राजकारण, मग भांडणं पण होतात, होऊ द्या. पुस्तकांसाठी जवळच्या वाचनालयात संस्थेच्या नावाने मेंबरशिप मिळते का विचारा, आणि मोठ्या अक्षरातली पुस्तकं मुद्दाम मागा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, वर्षातून एकदा तिथे सहल नेली तर लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, माणसं खूश होतात.

दुसरं म्हणजे शाळेची मुलं. पण मुलांचा नाच बघायला म्हाताऱ्यांना बसवायचं असं नाही, उलटं करा. श्रावण संपत आला की आमच्या दोन आज्ज्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना माटोळीला, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला, काय काय लागतं ते दाखवतात. टेबलावर कवंडळं, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा कातरा असं सगळं मांडलेलं असतं आणि आज्जी एकेक उचलून विचारते हे कुठे मिळतं, मुलं म्हणतात म्हापशाच्या बाजारात, मग ती सांगते की बाजारात येतं कुठून, कुठल्या डोंगरावर, कुठल्या झाडावर चढतं, कधी तोडायचं. ज्या काकी मला म्हणाल्या होत्या येऊन करू काय, त्याच त्या. आता आदल्या दिवशीच फोन येतो, "उद्या किती पोरं येणार गो, तेवढी फळं गोळा करायला हवीत."

व्यायाम पंधरा मिनिटंच, खुर्चीवरचा. खुर्चीवरून हाताचा आधार कमीत कमी घेऊन उठायचं आणि सावकाश बसायचं, असं आठ-दहा वेळा, टाचा वर-खाली करायच्या, भिंतीला हात लावून एका पायासमोर दुसरा पाय ठेवत चालायचं. म्हातारपणी पडणं हेच मोठं संकट, मांडीचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, आणि मांड्यांत जोर असला तर पडणं बरंच टळतं. जमिनीवर बसायची जबरदस्ती कुणालाच नको, भजनाला सुद्धा.

बीपी तपासायचं मशीन ठेवा, दंडाला बांधायचं, पण बरोबर वापरा. माणूस चालत आला की लगेच पट्टा बांधू नका, पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा बाहीवरून नाही तर उघड्या दंडावर, आणि त्या वेळी बोलायचं नाही, हेच सगळ्यात कठीण जातं आमच्या बायकांना. आधी अर्धा तास चहा नको. आकडा तारखेसकट प्रत्येकाच्या छोट्या वहीत लिहून द्या, ती वही आरोग्य केंद्रात डॉक्टरला दाखवायची. आपण गोळी कमी करा-वाढवा असं चुकूनही सांगायचं नाही.

आता कागदपत्रांचं टेबल. माझ्या मते केंद्रात एवढं एकच टेबल असलं तरी ते केंद्र सार्थकी लागलं. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि फॉर्म भरणारं एखादं तरुण माणूस बसवा. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत साठीनंतर महिन्याला २,००० रुपये मिळतात, त्यासाठी गोव्यात पंधरा वर्षं वास्तव्य आणि उत्पन्नाची अट आहे, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे थांबतात आणि म्हाताऱ्या माणसाला कळतच नाही का थांबले, ती बिचारी बँकेत हेलपाटे घालत राहते. म्हणून कुणाचा दाखला कधी द्यायचा त्याची यादी भिंतीवर लावा. सरकारी पेन्शनरांचा दाखला नोव्हेंबरात असतो, तो जीवन प्रमाण या सरकारी ॲपवर मोबाईलने चेहरा दाखवून होतो, ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड बहुतेक घरांत आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्यापेक्षा मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण, पण रिन्यू केलंय का ते बघा. सत्तरीच्या पुढच्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेखाली उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, त्याचं वेगळं कार्ड काढावं लागतं, आधार हवं. काठी, कानाचं मशीन, कवळी, चष्मा हे घेणं परवडत नसेल तर राष्ट्रीय वयोश्री योजनेचं शिबिर कधी आहे ते समाज कल्याण खात्यात विचारत राहा.

आयुष्मानचं कार्ड काढताना एक झालं ते सांगते. एक मावशी, जन्मभर काजू फोडले, त्या चिकाने बोटं जळून-जळून गुळगुळीत झालेली. मशीनवर अंगठा ठेवला, घेईना, पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला, नाहीच. याआधी एका ठिकाणी तिला "तुमचा ठसाच नाही" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं, आणि ती मला म्हणाली, "माझी बोटंच गेली गो, आता मी मीच आहे म्हणून सांगू कशी?" मोबाईलवर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय असते, ती करून बघितली, उजेडात तोंड धरलं, डोळे मिटउघड केले आणि झालं. पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा ठसा नाही घेत म्हणून कुणाला परत पाठवू नका, चेहरा किंवा ओटीपी करून बघा, आणि आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना ते आधीच तपासा, मुंबईतल्या मुलाचा नंबर दिलेला असतो आणि ओटीपी तिकडे जातो.

बँकेचं पण विचारा. सत्तरीवरच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, शाखेत लेखी मागा.

मोबाईल शिकवताना व्हिडिओ कॉल आधी, पैशांचं सगळ्यात शेवटी. आणि हे पाठच करून घ्या की पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, आणि पैसे गेले तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, जितक्या लवकर तितकं बरं.

घरचं दुखणं कोणी पहिल्या दिवशी सांगत नाही. सहा महिने बरोबर बसल्यावर एखादी कपबशी धुताना हळूच बोलते. तेव्हा बाजूला घेऊन ऐका, सल्ला लगेच नको आणि मुलाला जाऊन जाब विचारू नका, रात्री त्या घरात तिलाच राहायचं असतं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते, अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणात जातो, आणि बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. घर-जागा बक्षीसपत्राने देणार असतील तर आमचा सांभाळ करायचा ही अट त्यात लिहूनच घ्यायची, तोंडी नाही. आपल्या गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सहसा सामायिक असते, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला दाखवा, केंद्रात बसून कुणाच्या कागदावर सह्या करू देऊ नका.

विसरभोळे झालेले पण येऊ देत. त्यांची खुर्ची रोज तीच, शेजारी ओळखीचं माणूस, खिशात नाव आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. तेच तेच विचारलं तरी तेच उत्तर द्या, "मघाशी सांगितलं ना" म्हणू नका. घरच्यांना सांगा की हे वयामुळे म्हणून सोडून न देता डॉक्टरला दाखवा.

पैशांचं थोडक्यात, दारात फी घेऊ नका, डबा ठेवा, आणि महिन्याचा हिशेब फळ्यावर लिहा. आमचे खाणीवरचे काका लिहितात, पै न् पै. संस्था नोंदवायची असेल तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात जण लागतात, ते पहिल्या वर्षी नको, आधी माणसं टिकू द्या.

शेवटचं, हजेरीची वही. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही ते बघायला. लागोपाठ दोनदा गैरहजर असेल तर त्याच संध्याकाळी फोन, फोन नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी. एक काका असेच यायचे बंद झाले, ताप असेल म्हटलं, जाऊन बघितलं तर चष्म्याची काडी मोडलेली, पेपर वाचायची पाळी त्यांची होती आणि दिसत नाही हे सांगायची लाज. डिचोलीला नेऊन काडी बसवून आणली, पुढच्या शुक्रवारी आले. ती वही दाराजवळच्या टेबलावर ठेवा, पेन दोरीने बांधा, आणि नावं जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरात आधीच लिहून ठेवा म्हणजे त्यांना फक्त खूण करायची.