हेडला मॅनिफोल्ड बसवताना: गॅरेजमध्ये नवीन आलेल्या पोरांसाठी

आयटीआयची मोटार मेकॅनिकची दोन वर्षं करून पोरं गॅरेजला येतात तेव्हा डोक्यात एकच असतं, इंजिन उघडायचं. पिस्टन, क्रँक, टायमिंग, झालंच तर टर्बो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा जळालेला गॅस गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्याकडे, कोणी ढुंकून बघत नाही, नट खोलले की निघालं आणि आवळले की बसलं असं वाटतं. मी मात्र नवीन पोरगा कसा आहे हे याच कामावर बघतो, कारण ॲल्युमिनियमच्या हेडला मॅनिफोल्ड नीट बसवणाऱ्याच्या हातात बाकीचं इंजिन द्यायला भीती वाटत नाही.

आधी जोडी कशी बेमेळ आहे ते समजून घ्या. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बहुतेक वेळा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि दोघांना धरून ठेवणारा स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली बिनडोक्याची सळी, पोलादाचा. वर्गात शिकवलेलं असतं की ॲल्युमिनियम बीडाच्या दुप्पट फुगतं, म्हणून पोरं पटकन सांगतात, हेड जास्त वाढत असणार. होतं उलट. हेडमधून पाणी फिरतं त्यामुळे ते शंभर अंशांच्या आसपास राहतं, आणि मॅनिफोल्ड घाटात लोडवर सहज सहाशेच्या वर जातो. आता मॅनिफोल्ड ४०० मिमी लांब धरा. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ६०० अंशांना अडीच मिमीच्या वर. ॲल्युमिनियम २३ मायक्रॉनने वाढतं खरं पण त्याचं तापमान वाढणार सत्तर-ऐंशी अंश, म्हणजे पाऊण मिमीसुद्धा धड नाही. मग राहिलेले जवळजवळ दोन मिमी जातात कुठे, तर दोन्ही टोकांच्या स्टडांवर. म्हणून तुटलेला स्टड बघायचा तर आधी पहिल्या नाहीतर शेवटच्या सिलिंडरला टॉर्च मारायची, मधला तुटलेला क्वचित सापडतो.

कंपनीवाल्यांना हे माहीत असतंच. पुष्कळ मॅनिफोल्डांची भोकं नीट बघितली तर मधलं स्टडाला बरोबर मापाचं आणि कडेची मोठी किंवा लांबट असतात, म्हणजे मध्ये पकडायचं आणि दोन्हीकडे सरकायला जागा द्यायची. सगळी गंमत इथेच आहे, नट इतका घट्ट पाहिजे की गॅस निसटणार नाही, आणि तरी फ्लँज (मॅनिफोल्डची भोकांची चपटी कड) पॅकिंगवर जरा सरकला पाहिजे. जो पोरगा जोर लावून शेवटचा अर्धा फेरा जास्त आवळतो तो हे सरकणंच बंद करतो, मग मॅनिफोल्ड स्टडाला वाकवतो, रोज गरम-गार, रोज गरम-गार, आणि एक दिवस टक.

अजून एक, हे मला बऱ्याच उशिरा एका लेथवाल्या काकांनी सांगितलं. मॅनिफोल्ड गरम असताना त्याला वाढायला जागा मिळाली नाही तर लालभडक बीड आतल्या आत दाबलं जातं, आणि गार झाल्यावर ते आधीपेक्षा आखूड होतं. जुना मॅनिफोल्ड खोलून परत चढवायला गेलं की कडेची भोकं स्टडावर बसत नाहीत आणि फेस, म्हणजे हेडला टेकणारी सपाट बाजू, पण केळ्यासारखा वाकलेला असतो ते त्यामुळे. अशा वेळी हातोडीने ठोकून चढवायचा नाही. सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या बाहेर असेल तर मॅनिफोल्डचा फेस लेथवाल्याकडून मारून घ्या, नाहीतर नवीन पॅकिंग टाकूनही महिन्याभरात गाडी परत दारात.

आता खोलायचं. न्यूमॅटिक गन बाजूला ठेवा, खरंच ठेवा. आदल्या संध्याकाळी स्टडांवर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा. मग रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी पाना घ्या (बारा कोनीने गंजलेल्या नटाचे कोन जातात), आधी जरासा आवळायच्या दिशेला हलवायचा, मग सोडायच्या दिशेला, असं मागं-पुढं करत. सोडताना कडेकडून मध्ये यायचं. नटाबरोबर आख्खा स्टड बाहेर आला तर घाबरू नका, झालं तर बरंच झालं, तो स्टड परत वापरायचा नाही एवढंच. अलिबाग-रत्नागिरीकडच्या गाड्या आल्या तर आधीच तयारीत राहा, खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असं धरतात की पांढरी पावडर खरवडल्याशिवाय काही दिसतच नाही.

मागे अशीच एक डिझेल हॅचबॅक आली होती, शेवटच्या सिलिंडरचा खालचा स्टड हेडच्या फेसलगत तुटलेला. नवीन पोरगा ड्रिल आणि इझी आऊट (तुटलेला स्टड भोक पाडून उलटा फिरवून काढायचं हत्यार) घेऊनच उभा. त्याला थांबवलं. इझी आऊट फार कडक आणि ठिसूळ असतो, तो आत तुटला की साधा ड्रिल त्याला लागत नाही आणि शंभर रुपयांच्या कामाचं हेड उतरवायचं काम होतं. आम्ही त्या स्टडाच्या तोंडावर एक नट धरला आणि मिगने नटाच्या आतून वेल्ड केलं. यात दोन गोष्टी होतात, एक तर पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि दुसरं म्हणजे सगळी उष्णता सरळ स्टडात जाऊन आट्यांतला गंज सुटतो. वेल्ड झाल्या झाल्या फिरवायचं नाही, लाली गेल्यावर जरा थांबून, थोडं मेण लावून, परत तेच मागं-पुढं. पहिला नट सुटून हातात आला, दुसरा वेल्ड केला, मग कुरकुर करत निघाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर वेल्डिंगच्या आधी काढायची हे सांगायला नको, पण सांगतो, कारण ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, उडालेला मी बघितलाय.

आटे गेलेच असतील तर घाबरून मोठ्या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू नका, हेलिकॉइल टाका, म्हणजे भोकात नवीन आटे देणारी तारेची गुंडाळी, आमच्याकडे सगळे त्याला स्प्रिंगच म्हणतात. एम ८ ला, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या स्टडाला, साधारण ८.३ चा ड्रिल, मग किटमधला स्पेशल टॅप, मग स्प्रिंग फेसच्या अर्धा फेरा खाली बसवायची आणि तळाची शेपटी तोडून चुंबकाने बाहेर काढायची. ड्रिल हाताने सरळ धरणं हेच खरं कौशल्य, जरा तिरका गेला की मॅनिफोल्ड जन्मात बसत नाही. आणि भूसा पोर्टात जाऊ देऊ नका, आधी कापड कोंबा, आणि ते नंतर काढा.

बसवताना. फेसवरचं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, ॲल्युमिनियमवर ग्राइंडरची डिस्क लावलेली दिसली तर मी पोराला चहा आणायलाच पाठवतो, परत आत घेत नाही. भोकं तळाला बंद असतील तर त्यात तेल-पाणी राहू देऊ नका, स्टड आत जाताना ते दाबलं जाऊन हेडला चीर पडू शकते. काही इंजिनांत एखादं भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतं, तिथे आट्यांना सीलंट लागतो, म्हणून मॅन्युअल आधी बघा. स्टड हेडमध्ये हाताने बसवायचा आणि वर जरासं घट्ट, बस. त्यासाठी दोन नट एकमेकांवर लॉक करायचे, बसवताना बाहेरचा फिरवायचा, काढताना आतला.

ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात म्हणून स्टड व्यासाच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे, एम ८ असेल तर १२ मिमी, त्याहून कमी असेल तर चुकीचा स्टड आणलाय. नाना पेठेत जाऊन बोल्टवाल्याकडून १०.९ ग्रेडचा आणला म्हणजे भारी काम झालं असंही नाही, एवढ्या उष्णतेत तो कडकपणा टिकत नाही, आणि स्टेनलेस तर आट्यांत जाम होण्यात एक नंबर. त्याच इंजिनसाठी दिलेले स्टड आणि नट घ्या. नट लॉकिंगवाले असतील, थोडे चेपलेले किंवा तांब्याचा मुलामा दिलेले, तर जुने परत वापरू नका. साधं थ्रेडलॉकर (नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) इथे चालत नाही, दीडशे अंशांच्या पुढे ते गेलंच.

टॉर्क. एम ८ ला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर, एम ६ ला ८ ते १०, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचा. पोरं अर्धा इंची मोठा टॉर्क रेंच आणतात, त्याची सुरुवातच चाळीसच्या पुढे, मग उपयोग काय? तीन सूत (३/८ इंच) ड्राइव्हचा, लहान रेंजवाला घ्या, पहिल्या पगारात जमत नसेल तर दुसऱ्यात घ्या पण घ्या. आणि त्यावरची एककं बघा, फूट-पाउंडला २५ लावलं तर ते ३४ न्यूटन मीटर होतं आणि ॲल्युमिनियमचे आटे नटाबरोबर वर येतात. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावणार असाल तर मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांचा आहे का ते बघा, कारण ओल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो, जरा कमी करावा लागतो. क्रम मधून सुरू करून कडेला, एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत.

काम झाल्यावर लगेच गाडी देऊ नका, निदान एक रात्र ठेवा. सकाळी थंड स्टार्टला कान लावायचा. लीक असेल तर टिक टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, कारण मॅनिफोल्ड वाढून फट बुजते, म्हणून दुपारी तपासलेली गाडी कायम ओके वाटते. फ्लँजजवळ काळी काजळी दिसते का बघा. पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ आहे असं सांगतो आणि स्कॅनरवर कोड बघून पोरं इंजेक्टर काढत बसतात.

आणि हे पहिल्या दिवसापासून करा. जुन्या गाडीच्या मॅनिफोल्डच्या नटाला पाना लावायच्या आधी मालकाला फोन, "दादा, एखादा स्टड तुटू शकतो, तुटला तर वेल्डिंगचे नाहीतर स्प्रिंगचे वेगळे लागतील." जॉब कार्डवर लिहून सही घ्यायची. तुटल्यावर सांगितलं तर तो म्हणणार तुम्हीच तोडला.